वेळेआधी दाबलेलं बटण

या ग्रुपवर तुम्हा लोकांचे अनुभव मी रोज जेवण झाल्यावर वाचतो. खरं सांगायचं तर बरेचसे वाचून हसतो. राग मानू नका. पोलीस खात्यात ड्रायव्हर म्हणून बावीस वर्षं झाली माझी. पंचनामा चालू असताना प्रेतापासून चार हातांवर बसून डबा खाल्लाय, बेवारस प्रेत मागे ठेवून आंबोलीकडून एकट्यानं गाडी आणलीय... कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. बायकोला गाडीला लिंबू-मिरची बांधू देत नाही, कारण वाऱ्यानं ती हलत राहते आणि लक्ष जातं. तर असा माणूस हे लिहितोय, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

नाव नामदेव. आडनाव आणि पोलीस स्टेशन सांगत नाही, अजून नोकरी शिल्लक आहे. मी कोल्हापूर शहरात इमर्जन्सीची गाडी चालवतो. कुणी अडचणीत सापडलं की फोन करतं, कंट्रोल रूमकडून आमच्या गाडीतल्या टॅबवर कॉल येतो, आणि आम्ही सुटतो. टॅबवर दोन बटणं असतात. निघताना ‘निघालो’ दाबायचं, जागेवर गेलं की ‘पोहोचलो’ दाबायचं. दोन्हींच्या मधे किती मिनिटं गेली त्यावर आमची लायकी ठरते.

आता आतली गोष्ट सांगतो. आमच्यातले काही ड्रायव्हर ‘पोहोचलो’ हे बटण पोहोचायच्या आधीच दाबतात. दोन वळणं राहिली, एक सिग्नल राहिला, की दाबून मोकळे. तेवढीच दोन-तीन मिनिटं वाचतात आणि कागदावर गाडी कशी विमानासारखी दिसते. मी मात्र ते कधी केलं नव्हतं. मोठा हरिश्चंद्र आहे म्हणून नाही, मला आपलं खोटं बोललं की लगेच घाम येतो, बायकोसुद्धा ओळखते.

त्यात माझी दुसरी अडचण म्हणजे माझा स्पीड. कायद्यानं आम्हाला मोकळीक आहे. सायरन-दिवा लावून कॉलवर चाललो असलो तर शहरातली वेगमर्यादा आम्हाला अडवत नाही, सिग्नलही अडवत नाही. पण ट्रेनिंगला आमचे उस्ताद एक वाक्य रोज म्हणून घ्यायचे, “सायरन ही विनंती हाय, हुकूम न्हवं.” काही झालं तर जबाबदार ड्रायव्हरच, हेही ते सांगायचे. तेव्हा आम्ही त्यांची नक्कल करायचो.

मग एकदा ऐंशीनं गाडी काढली होती मी. मारामारीचा कॉल होता. एका शाळेपुढं एक मुलगी मैत्रिणीशी बोलत मागं न बघता रस्त्यावर उतरली. ब्रेक लागला... तिच्यात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर राहिलं. तिची पाण्याची बाटली मात्र चाकाखाली गेली. त्या बाटलीचा जो आवाज झाला ना, तो मला अजून ऐकू येतो. पुढं गेलो तर कॉल खोटा निघाला, कुणीतरी गंमत केली होती. त्या दिवसापासून वस्तीत, शाळेच्या आसपास, मी चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही. स्टेशनमध्ये माझं नावच पडलं – चाळीस. “चाळीस आला का रे?” असं साहेबांसमोर विचारतात. मला त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

साहेबांना मात्र वाटायचं. माझी मिनिटं सगळ्यांत जास्त भरायची. दोन मेमो झाले होते आणि तिसऱ्यांदा साहेब स्पष्ट बोलले, की नामदेव, आणखी एकदा उशीर झाला तर गाडीवरून काढून गेटवर उभा करीन. मला दुसरं काही येत नाही हो. स्टिअरिंग हातात नसलं तर हात कुठं ठेवायचे हेच मला कळत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की त्या दिवशी मी जे केलं ते का केलं हे तुम्हाला कळावं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट आहे. सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते. लख्ख ऊन, थंडी मावळत आलेली. गाडी कसबा बावड्यात लाइन बाजारला उभी होती. माझ्याबरोबर स्वाती, आमची कॉन्स्टेबल. तीन वर्षं खात्यात, हुशार पोरगी, मला ‘मामा’ म्हणते आणि माझ्या ड्रायव्हिंगवरून रोज चेष्टा करते. अकरा छत्तीसला टॅब वाजला.

राजारामपुरी. एकट्या राहणाऱ्या एक बाई, वय शहात्तर. दूध उतू जाऊन गॅस विझलेला, बटण चालूच राहिलेलं. बंद करायला धावल्या आणि ओट्याखालीच पाय घसरून पडल्या. उठता येईना. हात बटणापर्यंत पोहोचेना. थंडीमुळे खिडक्या सगळ्या लावलेल्या, दार आतून बंद. मोबाइल पदरात गुंडाळलेला होता म्हणून फोन तरी करता आला. फायर ब्रिगेडची गाडी दुसऱ्या टोकाला अडकलेली. जवळची आमची दुसरी गाडी कोर्टात गेलेली. म्हणजे आम्हीच.

स्वातीनं बाईंना फोन लावला. स्पीकरवर आवाज अगदी स्वच्छ, शाळेत शिकवलेल्या माणसाचा. म्हणाल्या, “मला आता झोप यायला लागलीय. तुम्ही किती लांब आहात?” स्वातीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “येतोय बाई, येतोय.” तेवढ्यात फोन कट झाला, तो परत लागला नाही.

सायरन लावला आणि निघालो. आणि रस्ताभर शाळा सुटलेल्या! सकाळचं सत्र संपायची तीच वेळ. सायकली, रिक्षा, दप्तरं, आयांच्या मोपेडी... सायरन ऐकून पोरं बाजूला व्हायची सोडून बघायला पुढं यायची. काट्यावर चाळीस. पाय ॲक्सिलरेटरवर होता, पण खाली जात नव्हता. स्वाती पहिल्यांदाच चेष्टा न करता म्हणाली, “मामा, आज तरी जरा ताणा की ओ.” एका बाजूला झोप यायला लागलेली ती बाई आणि दुसऱ्या बाजूला ती चाकाखालची बाटली. दोन्हींच्या मधे मी चाळीसनं चाललो होतो. एवढा नालायक मी स्वतःला आयुष्यात कधी वाटलो नव्हतो.

कावळा नाक्याला तर गाडी ठप्पच झाली. पुढं ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट वळत होता, त्याला ना मागं जाता येत होतं ना पुढं. राजारामपुरी अजून निदान दहा मिनिटं लांब. मी टॅबकडं बघितलं. आणि तिथं, जन्मात पहिल्यांदा, मी ‘पोहोचलो’ दाबलं.

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी बाईंचा विचार नव्हता, मेमोचा होता. गेट दिसत होतं डोळ्यांसमोर. पण बटणावर बोट पडलं आणि लगेच दुसरा विचार आला. ही बाई मेली तर कागदावर असं राहणार, की पोलीस वेळेत पोहोचले होते आणि तरी ती मेली. तोंडातून आपोआप शब्द निघाले, “आलो बाई, आलो.” मोठ्यानं. स्वातीनं ऐकले, बटण दाबलेलंही बघितलं. तिनं तोंड फिरवून घेतलं. वेळ अकरा बेचाळीस. टॅबवर तशीच पडली आहे.

ट्रॅक्टर हलला, आम्ही निघालो. स्टेशन रोडवरून परीख पुलाखाली शिरताना स्वाती ओरडली, “मामा, रक्त!” बघतो तर उजव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी चांगली दोन पेरं लांब जखम आणि स्टिअरिंगवर रक्त. कधी लागलं, कशानं लागलं, काही कळलं नाही. दुखतही नव्हतं. तिनं रुमाल गुंडाळला आणि मी गाडी दामटली, म्हणजे आपली चाळीसनंच.

अकरा त्रेपन्नला पोहोचलो. चार मजली साधी इमारत, खाली क्लिनिक बंद, मागच्या बाजूला तळमजल्यावर बाईंचा फ्लॅट. गेटवर वॉचमनची खुर्ची रिकामी. गॅसचा वास दारापर्यंत होता, पण विरलेला. बेल वाजवायची नाही, ठिणगी पडते, एवढं भान होतं. मी मुठीनं दार बडवलं.

दार उघडलं ते वॉचमननं. साठीचा माणूस, मेहबूबचाचा. कबनूरला यंत्रमागावर जन्म काढलेला, त्यामुळं ऐकायला कमी आणि बोलायला मोठ्यानं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मागं वळून घरात बघितलं, परत मला बघितलं.

“तुमी आत हुतासा न्हवं? भायेर कवा गेलासा?”

मी त्यांना बाजूला सारून आत गेलो. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. गॅस बंद, रेग्युलेटर काढून बाजूला ठेवलेला. मागच्या दाराची काच फुटलेली, कडी उघडी. आणि मागच्या व्हरांड्यात उन्हात, भिंतीला टेकून, पाठीशी उशी घेऊन बाई बसलेल्या. पाय वेडावाकडा, चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर. हातात पाण्याचा तांब्या.

मला बघून त्या हसल्या. “झालं का सगळं बंद करून? बेडरूमची खिडकी जरा घट्ट आहे.”

स्वातीनं विचारलं, बाई, तुम्हाला इथं कुणी आणलं? बाईंनी माझ्याकडं बोट केलं. “यांनीच की. डोळे मिटायला लागले होते माझे. काच फुटल्याचा आवाज आला आणि हे आत येता येता म्हणाले – आलो बाई, आलो.”

स्वाती खाली मांडी घालून बसलीच. मी उभाच होतो, हातावरच्या रुमालाकडं बघत. फुटलेल्या काचेच्या काठावर रक्त होतं, ओलं.

ॲम्ब्युलन्स आली, बाईंना नेलं. नंतर चाचांकडून सगळं परत परत विचारून घेतलं. त्यांचं म्हणणं एकच. तुम्ही एकटे पायी गेटातून आलात, गाडी बघितली नाही, सायरन म्हणाल तर मला तसाही ऐकू येत नाही. मागं गेलात, काच फोडलीत, बाईंना उचलून उन्हात आणलंत. मला म्हणालात, लाइटच्या बटणाला हात लावू नका. मग राहिलेली खिडकी बघतो म्हणून आत गेलात, ते परत आला नाहीत, आणि मग पुढचं दार वाजलं.

मी म्हटलं, चाचा, दुसरं कुणीतरी असेल. त्यावर ते चिडले. त्यांच्या इमारतीत नियम आहे – कुणीही येवो, गेटवरच्या रजिस्टरात सही केल्याशिवाय आत नाही. गॅसवाला, डॉक्टर, सोसायटीच्या चेअरमनचा जावई, कुणालाही सूट नाही. “तुमी पळत हुतासा तरी मी वही म्होरं धरली. सही करूनच गेलासा. बगा की.”

वही बघितली. अकरा बेचाळीस. नाव नामदेव, पुढं माझा बक्कल नंबर. सही माझी. माझी सही करताना ‘म’ची दांडी मी खाली ओढतो आणि तिला उगाचच एक टिंब देतो, मास्तरांचा मार खाऊनही गेली नाही ती खोड. ते टिंबही होतं. त्याखाली चाचांनी मला परत सही करायला लावली – अकरा त्रेपन्न. दोन्ही सह्या एकाखाली एक. स्वातीनं मोबाइलवर फोटो काढला, तो अजून तिच्याकडं आहे.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. मी आधीच खुलासा लिहून नेला होता, की बटण मी कावळा नाक्यावर असताना खोटं दाबलं, शिक्षा मान्य आहे. साहेबांनी तो वाचला. समोर दोन कागद होते. एकावर गाडीचं लोकेशन, अकरा बेचाळीसला कावळा नाका, स्पीड शून्य. दुसरा बाईंचा जबाब, हॉस्पिटलमध्ये घेतलेला, की पोलीस ड्रायव्हर सात मिनिटांच्या आत आला आणि त्यानं जीव वाचवला. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

“बाई म्हणतात आलास, तू म्हणतोस आलो नव्हतो. मी कुणाचं खरं धरू, नामदेव?”

मी म्हटलं, साहेब, दोघांचंही खरं आहे. त्यांनी चष्मा परत चढवला. मग खुलासा फाइलला लावला, परत असं बटण दाबलंस तर बघ म्हणाले, आणि जाताना म्हणाले, “गेटवर नको तू. गाडीवरच बरा आहेस.” मेमो आला नाही. त्यानंतर स्टेशनमध्ये आधी बटण दाबायची सवयही कशी कोण जाणे कमी झाली. कुणी बोलत नाही, पण भितात. आपण दाबायचं आणि तिकडं खरंच कुणीतरी पोहोचायचं, ही कल्पनाच लोकांना झोप लागू देत नाही.

मला मात्र छान झोप लागते, हे आधीच सांगून टाकतो.

देसाईबाई – हे बाईंचं नाव, त्यांच्या परवानगीनं लिहितोय – खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागल्या. मूळच्या आजऱ्याच्या. भाऊ अजून तिकडं शेती करतो. सुगी झाली की माझ्यासाठी पाच किलो घनसाळ तांदूळ आणि काजूची पिशवी बाजूला काढलेली असते. नको म्हटलं तर बाई शाळेतल्यासारख्या डोळे मोठे करतात. तो भात शिजला की आमच्या गल्लीत वास जातो आणि बायको म्हणते, चाळीसनं गाडी चालवून एवढं मिळतंय तर तीसनं चालवा.

महिन्या-दीड महिन्यानं मी आणि स्वाती त्यांच्याकडं चहाला जातो. मागच्या खेपेला बाई सहज म्हणाल्या, “नामदेव, हल्ली मला एकटं राहायची भीती वाटत नाही.” का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, वय झालं, विसरते मी. रात्री रेग्युलेटर बंद करायचा राहतो, सकाळी बघते तर बंद असतो. मागच्या दाराची कडी राहते, सकाळी लागलेली असते. एवढं बोलून त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. घाबरून बोलत नव्हत्या. घरात कुणी आपलं माणूस असलं की बायका जशा बोलतात, तसं बोलत होत्या.

स्वाती मला नंतर म्हणाली, मामा, त्यांना तसं वाटत असेल. असेलही. चाचा म्हातारे आहेत, बाईंच्या डोक्यात गॅस गेला होता, माझा हात गाडीत कुठंतरी कापला असेल. आमच्यातले शहाणे लोक मला हेच सांगतात. रजिस्टरातल्या सहीबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. मलाही सांगता येत नाही. मी दीड वर्ष डोकं चालवलं, आता सोडून दिलं.

त्या दिवशी चहा पिऊन निघताना मेहबूबचाचांनी मला थांबवलं. वही बदलायची होती, जुनी भरली होती. सोसायटीवाल्यांनी तपासायला मागितली होती, म्हणून ते पानं बघत बसले होते. रजिस्टरात येण्याची वेळ असते, तशी जाण्याची पण असते. त्यांनी ते जानेवारीचं पान काढून माझ्यापुढं धरलं. खालच्या ओळीत, अकरा त्रेपन्नच्या पुढं, माझी बाहेर जातानाची सही होती. वरच्या ओळीत, अकरा बेचाळीसच्या पुढं, जाण्याची जागा कोरी होती.

“पयल्यांदा आलासा ते भायेर गेल्याची सही न्हाय,” चाचा म्हणाले. “हितं तेवढी करून टाका की. वही क्लिअर हुईल.”

त्यांनी पेन दिलं. मी ते घेतलंही. आतून बाईंचा रेडिओ ऐकू येत होता आणि स्वाती गेटवर गाडी पुसत उभी होती. मी त्या कोऱ्या चौकोनाकडं बघत राहिलो. मी शाळेच्या पोरांमधून चाळीसनं येत होतो तेव्हा जो वेळेवर पोहोचला, त्याला बाहेर काढायचं मला काहीच कारण दिसेना.

“राहू द्या चाचा,” मी म्हटलं, आणि पेन परत दिलं.